टायटन ट्रिगरफिश: दात, काटा आणि घरटे

सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंगभर लांब, टोकदार, ठिसूळ काटे असतात. प्रवाळ खडकांतले बहुतेक मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. टायटन ट्रिगरफिश मात्र तो आवडीने खातो. या माशाची अंगाची ठेवण प्रथम विचित्र वाटते; तो काय खातो हे कळले की तिचा बराच उलगडा होतो.

तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. भारतात तो लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळभित्तींवर दिसतो. उथळ लगूनपासून सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत तो राहतो आणि 75 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. शरीर उंच आणि दोन्ही बाजूंनी चपटे असते. जाड खवल्यांचा मधला भाग गडद आणि कडा फिकट, त्यामुळे अंगावर जाळी काढल्यासारखी दिसते. वरच्या ओठावर काळसर पट्टा असतो.

आता डोके पाहा. तोंड अगदी टोकाला आणि लहान, तर डोळे खूप मागे व वर सरकलेले. भक्ष्याचे काटे डोळ्यांपर्यंत पोहोचू नयेत, यासाठी हे अंतर उपयोगी पडते. जबड्यांत मजबूत, छिन्नीसारखे दात असतात. सी-अर्चिनच्या खालच्या बाजूचे, तोंडाजवळचे काटे आखूड असतात. म्हणून ट्रिगरफिश तोंडाने पाण्याचा झोत मारून किंवा काटा दातांत धरून त्याला उलटा करतो आणि तिथून फोडतो. खेकडे, शिंपले शोधताना तो वाळू उडवतो, दगड उलथतो, प्रवाळाचे तुकडेही मोडतो. त्यातून उघडे पडलेले बारीकसारीक जीव टिपायला लहान मासे त्याच्या मागे फिरतात.

या खाण्याचा परिणाम खडकावरही होतो. सी-अर्चिन शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुनाही झिजवतात. केनियाच्या किनाऱ्यावर नारिंगी रेषांचा ट्रिगरफिश ही याच गटातली दुसरी जात त्यांची प्रमुख भक्षक आहे. जिथे मासेमारीमुळे हे मासे घटले, तिथे सी-अर्चिन वाढले आणि खडकाची झीजही वाढली.

स्वतःवर संकट आले की ट्रिगरफिश कपारीत शिरतो. पाठीवरच्या पहिल्या पराला तीन काटे असतात. पहिला जाड काटा उभा राहिला की मागच्या दुसऱ्या काट्याचे बूड त्याला टेकू देऊन जागच्या जागी अडकवते. मग पहिला काटा कितीही दाबला तरी खाली बसत नाही. दुसरा दाबला, की लगेच सुटतो. बंदुकीच्या चापासारख्या या दुसऱ्या काट्यावरूनच ट्रिगरफिश हे नाव पडले. पाठीवर काटा उभा करून आणि पोटाखालचे हाड खाली रेटून मासा कपारीत असा घट्ट बसतो, की त्याला ओढून काढणे अवघड जाते. रात्रीही तो अशाच कपारीत झोपतो.

पोहताना तो शेपटीवर फारसा भर देत नाही. पाठीवरचा दुसरा पर आणि पोटामागचा पर लाटांसारखे हलवत तो सावकाश सरकतो. खडकांच्या फटींतून वळायला हे सोयीचे पडते. शेपटीचा फटकारा तो घाईच्या वेळी मारतो.

अशी घाई विणीच्या काळात हमखास दिसते. मादी वाळूत उथळ खळगा करून अंडी घालते, त्यांवर पाणी खेळते ठेवते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाते. ट्रिगरफिशच्या अनेक जातींत पहाटे घातलेली अंडी त्याच दिवशी सूर्यास्तानंतर फुटतात. म्हणजे पहारा थोड्या वेळाचा, पण कडक असतो.

डायव्हरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरट्यावरची राखलेली हद्द उलट्या शंकूसारखी वर रुंद होत जाते, असे मानले जाते. पाठीवरचा काटा उभारून किंवा कुशीवर वळून मासा रोखून पाहू लागला, तर तो इशारा समजावा. अशा वेळी सरळ वर गेल्यास आपण त्या हद्दीतच राहतो. म्हणून तोंड माशाकडे आणि पायातल्या फिन्स आपल्या व माशाच्या मधे ठेवून, आहे त्याच खोलीवर आडवे पोहत दूर जावे.