हनुमान थिएटर आणि संगीत बारीची रंगगृहे

घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावातल्या वस्त्यांत घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटाच राहत असे. बायकामुले गावी, जेवण खानावळीत, झोपायची जागा पाळीनुसार वाटून घेतलेल्या खोलीत. जत्रेतला तमाशा मुंबईत कायमच्या मुक्कामाला आला तो याच प्रेक्षकाच्या बळावर. मुंबईतल्याच पिला हाऊस परिसरातील थिएटरांत तमाशा आधीच रुजलेला होता. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि त्यांच्या फडातील नर्तकी पवळा यांचे नाव मुंबईभर झाले होते. पुढे घोडपदेवहून पायी जाता येईल अशा अंतरावर, लालबागला, नेराळे कुटुंबाचे हनुमान थिएटर उभे राहिले, आणि विठाबाई नारायणगावकर, दादू इंदुरीकर अशा नामवंतांचे फड तेथे उतरू लागले.

तमाशाचे दोन प्रकार: ढोलकी फड आणि संगीत बारी. ढोलकी फडात गण, गवळण आणि वगनाट्य असते. संगीत बारीत वग नसतो, लावणीचे गाणे, नृत्य आणि अदा हाच सारा खेळ असतो. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि प्रत्येकीला मंचावर आपली बारी, म्हणजे पाळी, मिळते. पायपेटी, तबला व ढोलकी यांची साथ असते. तिकिटाचा खेळ संपल्यावर निवडक रसिकांसाठी बैठक होते, तिथे गायिका बसूनच, केवळ चेहरा आणि हातांनी, एकेका ओळीचे अनेक अर्थ उलगडते. बहुतेक पार्ट्यांची मालकी बाईकडेच असते व तिच्या कमाईवर अख्खे कुटुंब चालते, ही गोष्ट या कलेला नाके मुरडणाऱ्यांनी कधीच नीट ध्यानात घेतली नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताच्या खेर सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठली तेव्हा संहितेच्या तपासणीची अट मागे राहिली, तरी थिएटरे टिकली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने मात्र प्रेक्षकाचा पगारच गेला. हनुमान थिएटरचे पुढे लग्नाचे सभागृह झाले.

पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील कला केंद्रे यांनी बारी जिवंत ठेवली. अकलूजच्या लावणी स्पर्धेने तिला प्रतिष्ठेचा मंच दिला आणि २०१२ मध्ये लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली. पण सन्मान एकेका कलावतीचा झाला. थिएटर, ज्यात ती घडली, ते अनुदानाच्या आणि जतनाच्या विचारातून बाहेरच राहिले. कापड गिरण्यांचा इतिहास जपणाऱ्या मुंबईने या रंगगृहांची नोंदही त्याच इतिहासात करावी.