आखूड हातांच्या डायनोसॉरचे कूळ

मध्य गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोली नावाचे गाव आहे. १९८१ साली तेथे खनिजांची पाहणी करीत असता भूवैज्ञानिकांना डायनोसॉरांचे जीवाश्म, म्हणजे दगड बनलेली हाडे, आढळली. पुढे १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी ती उकरून काढली. कोणते हाड कोठे व कसे पडले होते याचा तपशीलवार नकाशाही त्यांनी करून ठेवला. या नकाशाचे मोल पुढे कळून आले.

अशी हाडे जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर पूर्वीच मिळाली होती. त्यांचे वर्णन १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अनेक प्राण्यांची हाडे एकत्र मिसळलेली असल्याने कोणता पाय कोणत्या कवटीचा, हे ठरेना. इंडोसुकस व इंडोसॉरस ही नावे पडली खरी, पण त्यांचे नाते कधी अ‍ॅलोसॉरसाशी तर कधी टिरॅनोसॉरसाशी जोडले गेले.

हा गुंता सुटण्यास मदत झाली ती दूरच्या अर्जेंटिनातून. तेथील होसे बोनापार्टे यांनी १९८५ मध्ये कार्नोटॉरस या मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन केले. याचा सांगाडा बहुतांशी अखंड होता. हात मात्र विलक्षण आखूड! कोपरापुढील भाग दंडाच्या जेमतेम चौथाईएवढा आणि त्याला चार बोटांचा चिमुकला पंजा. अशा हाताने सावज धरणे शक्य नव्हते. ते काम जबड्याचे.

टिरॅनोसॉरसाचे हातही आखूडच, पण दोन बोटांचे. दोघेही थेरोपॉड, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांच्या वर्गातले. तथापि टिरॅनोसॉरसाची शाखा पक्ष्यांच्या जवळची, तर कार्नोटॉरसाचे अ‍ॅबेलिसॉर कूळ त्याहून फार पूर्वी वेगळे झालेले. वटवाघूळ आणि कावळा दोघेही उडतात म्हणून सख्खे भाऊ ठरत नाहीत, तसेच हे. हात दोन्हीकडे स्वतंत्रपणे आखूड होत गेले.

जबलपूरचे प्राणी या अ‍ॅबेलिसॉर कुळातले असल्याचे मग ध्यानात आले. श्रीवास्तव यांच्या नकाशाच्या आधारे भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी रहियोलीची हाडे जुळवली आणि २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव जाहीर केले. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी. कपाळावर बुटके शिंग. त्याचे आप्त मादागास्कर व दक्षिण अमेरिकेत सापडतात, कारण हे भूभाग एके काळी गोंडवन या महाखंडात जोडलेले होते. महाखंडाचे हे नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे.

राजासॉरसाच्या हाताचे हाड त्या सांगाड्यात मिळाले नाही. चित्रांत दिसतात ते हात आप्तांवरून काढलेले आहेत. यास्तव विहीर खणताना वा नांगरताना हाडासारखा दगड दिसल्यास तो न हलविता तलाठी अथवा पटवारी यांच्यामार्फत कळवावे. जागेवरून उचललेले हाड कोणत्या सांगाड्याचे, हे मागाहून सांगणे कठीण असते.