मारधाडीचे चित्रपट आणि मुलांची कार्टुने

व्याख्यानमालेत शेतीची, शिक्षणाची, साहित्याची चर्चा व्हावी हे ठीक. पण मुले शाळेतून आल्यावर जी कार्टुने पाहत बसतात त्यांची चर्चा येथे कशाला, अशी शंका कोणाला आल्यास नवल नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मूल जी गोष्ट रोज पाहते आणि जिच्या नायकाची नक्कल अंगणात करते, त्या गोष्टीतूनच बरे कोण, वाईट कोण आणि वाईटाचे काय करावे, याचे पहिले धडे ते घेत असते. हे धडे कोठून येतात ते पाहणे अस्थानी ठरू नये.

गेल्या काही वर्षांत या कार्टुनांत एक नवी जात निघाली आहे. मोठ्या माणसांसाठी काढलेला मारधाडीचा चित्रपट घ्यावयाचा, त्याचे नाव आणि नायक तेवढा ठेवावयाचा, आणि त्यावरून मुलांचे कार्टून तयार करावयाचे. ‘शोले’ १९७५ सालचा. त्यातील जय-वीरूंना घेऊन २०१४ साली मुलांसाठी कार्टून निघाले. २०११ च्या ‘सिंघम’वरून २०१८ साली ‘लिटल सिंघम’ आला, २०१८ च्या ‘सिम्बा’वरून २०२० साली ‘स्मॅशिंग सिम्बा’, आणि २०१० च्या ‘दबंग’वरून २०२१ साली त्याची कार्टून मालिका.

यांपैकी सिंघम तर आपल्या शेजारचाच. मूळ कथा २०१० च्या ‘सिंगम’ या तमिळ चित्रपटाची. पण हिंदीत येताना नायक झाला बाजीराव सिंघम हा मराठी पोलीस अधिकारी, आणि त्याचे शिवगड हे कल्पित गाव गोव्याच्या सरहद्दीलगत वसले. गोव्यातील जयकांत शिक्रे नावाचा खंडणीखोर त्याच्याशी वैर धरतो. खोट्या आरोपाने खचलेला एक प्रामाणिक अधिकारी आत्महत्या करतो. शेवटी सारे पोलीस एक होऊन शिक्र्याला ठार मारतात आणि जगाला निराळीच हकीकत सांगितली जाते. आता ‘लिटल सिंघम’ पाहा. नायक लहान मुलगा झाला. शिवगड आणि गोवा जाऊन मिर्चीनगर आले. लाच, खंडणी, आत्महत्या ही सारी नाहीशी झाली. शिक्र्याच्या जागी काल नावाचा दुष्ट आला. रक्त पुसले गेले. उरले काय? वर्दी, सिंहाचे नाव आणि ठोसे.

‘दबंग’मध्ये हाच प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. चित्रपटातला छेदी सिंग शेवटी ट्रॅक्टरच्या धुराने गुदमरवून मारला जातो. कार्टुनात तोच छेदी सिंग पुनःपुन्हा मार खातो आणि पुनःपुन्हा परत येतो. यात मुलांविषयीचा कळवळा असेलही. पण धंद्याचीही सोय आहे. चित्रपट एकदाच संपतो, मालिका रोज चालावी लागते. आणि खलनायक मेला तर उद्याच्या भागात नायकाने लढावे कोणाशी?

धंद्याची गोष्ट निघाली म्हणून अमेरिकेचे उदाहरण सांगतो, कारण ही युक्ती तेथे आधीच होऊन गेली आहे. ‘रॅम्बो’ हे पात्र मूळचे डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीतले. व्हिएतनामच्या युद्धातून मनाने मोडून परतलेल्या शिपायाची ती शोकांतिका. कादंबरीत तो शेवटी मरतो. १९८२ च्या चित्रपटात त्याला जिवंत ठेवले, १९८५ च्या दुसऱ्या चित्रपटात त्याच्या हातून माणसे पटापट पडू लागली, आणि १९८६ साली त्याचे ६५ भागांचे कार्टून मुलांपुढे आले. दुकानांत त्याची खेळणीही मांडली गेली. १९८७ च्या ‘रोबोकॉप’मधील रक्तपात इतका होता की प्रमाणपत्रासाठी त्यातील दृश्ये अनेकदा कापावी लागली; त्याचेही कार्टून पुढच्याच वर्षी निघाले. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरची मर्यादा तेथे १९८४ साली उठली होती. ती १९९० च्या कायद्याने पुन्हा घालावी लागली. नवा नायक लोकप्रिय करण्यास खर्च फार आणि भरवसा थोडा. तयार नावाची मात्र जाहिरात आधीच झालेली असते. या साऱ्या खटाटोपाचे मूळ तेथे आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्या पुराणांत काय कमी मारामारी आहे? नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले ही कथा आपण मुलांना सांगतोच ना? आणि आपला दशावतार? काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुर जत्रेच्या रात्री प्रथम येतो तेव्हा लहान पोरे आईच्या पदराआड दडतात. थोड्याच वेळात तो मालवणीत थट्टा करू लागला की तीच पोरे खदखदा हसतात. वेद चोरणाऱ्या या संकासुराचा विष्णू वध करतो. आज एका गावच्या जत्रेत मेलेला संकासुर उद्या दुसऱ्या गावी पुन्हा हजर! छेदी सिंगाचे पुनरागमन आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही.

आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नुसते ‘मारामारी वाईट’ म्हणून भागत नाही. परंतु दोहोंत एक भेद आहे. दशावतारात मारणारा देव आहे. त्याच्या ठिकाणी आपण उद्या उभे राहू असे कोणाही मुलाला वाटत नाही. शिवाय आजी शेजारी बसलेली असते, ‘असे का झाले’ हे विचारता येते. कार्टुनातला नायक मात्र मुलाच्याच वयाचा, आणि त्याच्या अंगावर आपल्या रस्त्यावर उभ्या असणाऱ्या पोलिसाची वर्दी. प्रश्न विचारावयास शेजारी बहुधा कोणी नसते.

मुले पाहिलेले उचलतात का, याचा प्रयोग अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केला. १९६१ साली त्याने मुलांसमोर मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुलीला बडवायला लावले. मुलांनी तशीच बाहुली बडवली. १९६५ च्या प्रयोगात त्याने आणखी एक गोष्ट दाखविली. बडविणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण पुढे बक्षीस देऊ केल्यावर त्यांनाही ते सारे करून दाखविता आले. म्हणजे शिकली सगळीच होती. वागणे ठरले ते फळ काय मिळते यावरून. प्रयोगशाळेतल्या बाहुलीवरून सगळ्या आयुष्याचा निकाल देता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तरी एवढे ध्यानात घ्यावे की कार्टुनात ठोसा मारणाऱ्याला दर वेळी शाबासकीच मिळते. आणि रक्त पुसताना मार खाणाऱ्याची वेदनाही पुसली गेलेली असते.

आमच्या मते खरी काळजी रक्ताची नव्हे, न्यायाच्या कल्पनेची आहे. चौकशी, साक्ष, न्यायाधीश हे मुलाच्या गोष्टीत कंटाळवाणे, म्हणून गाळले जातात; आणि ज्याने वर्दी घातली त्यानेच गुन्हेगार ओळखावा व त्यानेच शिक्षा द्यावी, एवढे शिल्लक राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’चेच नाव घेऊन, कायद्याची रीत डावलून झटपट न्याय देणारा पोलीस हा घातक संदेश आहे, असा इशारा दिला होता. ते बोलले मोठ्यांच्या चित्रपटाविषयी. मुलांच्या कार्टुनातून तर प्रश्न विचारण्याची जागाच निघून गेली आहे.

बांदेकरांना हे कोणी बाहेरून येऊन सांगावयास नको. येथून जवळच पत्रादेवी आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या बंदुका चालल्या, आणि कर्नैलसिंग बेनिपाल या तरुणाने तेथे प्राण दिले. बंदुका चालविणारेही वर्दीतच होते. वर्दी म्हणजे न्याय नव्हे. वर्दीवर कायद्याचा अंकुश असेल तरच तिला मान. ही गोष्ट आपल्या सरहद्दीने रक्त देऊन शिकली आहे, आणि ती आपल्या मुलांना कळावी अशी आमची इच्छा आहे.

मग कार्टुने बंद करावीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. बंदीने गोडी वाढते. मात्र दोन गोष्टी घरच्या घरी करता येतील. एक, नावावर भुलू नये. चित्रपटाचे प्रमाणपत्र त्या चित्रपटापुरते असते. ‘लिटल सिंघम’ आवडणारे मूल उद्या ‘सिंघम’ मागणारच, तेव्हा आता वयोगटाप्रमाणे ७, १३ व १६ वर्षांचे जे शिक्के लागतात ते पाहूनच निर्णय करावा. दुसरी अधिक महत्त्वाची. कधीतरी मुलाशेजारी बसावे आणि विचारावे, ‘हा चोर आहे हे त्याला कसे कळले? दुसराच कोणी चोर असता तर?’ मूल क्षणभर थबकेल, मग उत्तर शोधू लागेल. न्यायाचे शिक्षण त्या थबकण्यापासून सुरू होते, आणि ते देण्याचे काम दूरचित्रवाणीचे नसून आपले आहे.