खडतर वाटेची गाडी : सांगाडा आणि पुढची चाके

हार्बर रेल्वेमार्गावर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या दरम्यान गोवंडी हे स्थानक लागते. शिवाजीनगर, बैंगनवाडी, देवनार असा हा दाट वस्तीचा परिसर. खिडक्यांच्या जाळ्या, दुकानांची शटरे, हातगाड्यांचे सांगाडे बनविणारी वेल्डिंगची छोटी दुकाने अशा वस्तीत जागोजागी दिसतात. लोखंड कापावे, वाकवावे आणि जोडावे ही विद्या येथे उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. अशा कारागिराकडे एखादा हौशी तरुण जुनी जीप घेऊन येतो आणि डोंगरवाटेवर चालविण्यासाठी तिची पुढची बाजू नव्याने बांधून मागतो, तेव्हा प्रश्न केवळ हस्तकौशल्याचा राहत नाही.

जाळीवरचा भार स्थिर असतो. गाडीच्या सांगाड्यावरचा भार मात्र दर खड्ड्यागणिक दिशा बदलतो. तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच पुनःपुन्हा उलटसुलट वाकविली की तुटते. धातूच्या या थकव्यामुळे महिनोन्‌महिने निर्धोक चाललेला सांधा एके दिवशी पूर्वसूचनेशिवाय निखळतो. तो सांधा पुढच्या चाकाचा असेल तर सुकाणू चालकाच्या हाती उरत नाही.

आपल्याकडे खडतर वाटेची गाडी म्हटले की जीप आठवते. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. त्या गाडीची रचना साधी व दणकट होती : शिडीसारखी चौकट, पुढे आणि मागे अखंड कणा, आणि त्यांवर पोलादी पाटे. गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी ही गाडी होती. परंतु अखंड कण्यामुळे एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते. म्हणून पुढील चाके स्वतंत्रपणे वरखाली होतील अशी योजना पुढे आली. २०१० साली बाजारात आलेल्या ‘थार’ या गाडीची पुढची चाके स्वतंत्र होती, मागे मात्र पाटेच होते. २०२० च्या नव्या ‘थार’मध्ये पुढे दुहेरी बाहूंची रचना आली.

दुहेरी बाहू म्हणजे काय? इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचे दोन बाहू एकावर एक बसवितात. प्रत्येक बाहूची दोन टोके बुश घालून चौकटीला बिजागरीसारखी अडकवितात. तिसरे टोक गोलसांध्याने, म्हणजेच बॉल जॉइंटने, चाकाच्या खुंट्याला जोडतात. वरचा बाहू खालच्यापेक्षा आखूड ठेवतात. त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी चाकाचा तळ जमिनीवर बराचसा सपाट टेकतो. स्प्रिंग व शॉक अॅबसॉर्बर बहुधा खालच्या बाहूवर उभे राहतात.

हौशी कारागीर येथे हमखास एक उलटा क्रम धरतात. ते आधी चौकट जोडतात आणि मग बाहू कोठे अडकवावेत याची जागा शोधतात. वास्तविक आरंभ जमिनीपासून व्हावयास हवा. टायर कोठे टेकणार, चाक किती वर उचलले जाणार, खुंट्याचे गोलसांधे कोठे येणार, त्यावरून बाहूंची लांबी, मग बिजागऱ्यांच्या जागा, आणि त्या जागा हलू न देणारी चौकट सर्वांत शेवटी.

यातील एक बाब शिक्षकांना सायकलवरून सहज समजावून देता येईल. सायकलचा पुढचा दांडा उभा नसतो, मागे कललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर चाक तिच्या किंचित मागे टेकते. म्हणून धावती सायकल आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीतही वरचा गोलसांधा खालच्यापेक्षा थोडा मागे ठेवतात, तो याचसाठी. सुकाणूचा आडवा दांडा तर फारच चोखंदळ. त्याची लांबी व उंची बाहूंशी जुळली नाही, तर चाक खड्ड्यात जाताच चालकाने न वळविताही वळते. स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वरखाली करावे व ते किती वळते हे मोजावे, ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे. ती टाळली जाते याचे आश्चर्य वाटते.

सांगाड्याचे गमक त्रिकोणात आहे. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यात दाबली की तिरपी होते, तीन काठ्यांची होत नाही. म्हणून बिजागऱ्या जेथे येतात तेथे नळ्या त्रिकोणात मिळाव्या लागतात. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला बसेल असे कोरून घ्यावे. फट राहिल्यास ती वेल्डिंगने भरून काढणे म्हणजे दोष झाकणे होय. सपाट पाटावर साचा करून प्रथम सर्वत्र टाके मारावेत, मापे तपासावीत, आणि नंतर आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी जोड पुरा करावा. एकाच बाजूने जोडत गेल्यास उष्णतेने चौकट पिळवटते. पाण्याची जस्त चढविलेली नळी स्वस्त मिळते, पण या कामी ती वर्ज्य समजावी. जस्ताचा धूर कारागिराच्या छातीलाही बाधतो.

या विद्येला राजरोस मैदान मिळाले आहे ते ‘बाहा’ स्पर्धेत. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली ही स्पर्धा भारतात २००७ पासून होत आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकआसनी गाडी स्वतः आखतात व बांधतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचे विद्यार्थीही तिच्यात उतरले आहेत. मुख्य नळ्यांसाठी २५ मि.मी. बाह्य व्यास, ३ मि.मी. जाडी आणि किमान ०.१८ टक्के कर्ब असलेले पोलाद, किंवा तितकेच समर्थ दुसरे, असा नियम आहे. वेल्डिंगचे नमुनेही द्यावे लागतात. काटकोनातला एक सांधा तुटेपर्यंत ओढतात. तो जोडावर न तुटता मूळ नळीत तुटला पाहिजे. तीस अंशांचा दुसरा सांधा उभा चिरून वितळलेला धातू आतपर्यंत पोहोचला की नाही ते पाहतात.

सार्वजनिक रस्त्याची गोष्ट वेगळी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुरूप करून घेण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे, हे ग्रामपंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे. नव्या वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा दोन संस्था आपल्याच राज्यात आहेत : १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ आणि अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था.

जाळ्या जोडणाऱ्या कारागिराला ही तपासणी परवडणारी नाही, हे उघड आहे. पण ‘बाहा’तील सांध्याची परीक्षा त्याच्या आवाक्यातली आहे. त्याच नळीचे दोन तुकडे जोडावेत आणि करवतीने चिरून पाहावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वेल्डिंग निदेशकांना हे प्रात्यक्षिक एका तासिकेत घेता येते, आणि परिसरातील कारागिरांना त्या तासिकेला बोलावण्यास फारसा खर्च येत नाही.