डोंगर पायाशी पाहावा

पावसाळ्यात बेळगावहून सावंतवाडीकडे निघालेला प्रवासी आंबोलीला थांबतो. ढग क्षणभर बाजूला सरले की दरीच्या कठड्यापाशी उभा राहून खाली पसरलेल्या कोकणाचे छायाचित्र घेतो आणि मोठ्या समाधानाने पुढच्या वाटेस लागतो. घरी आल्यावर तेच चित्र पाहताना मात्र त्याची निराशा होते. डोळ्यांपुढे प्रत्यक्ष सह्याद्री उभा होता. चित्रात उतरली ती करड्या-हिरव्या रंगाची एक आडवी पट्टी. कॅमेरा भारी किमतीचा असो वा खिशातील मोबाइलमधला असो, हा अनुभव बहुतेकांना येतो.

असे का व्हावे? मनुष्याची दृष्टी एका जागी खिळून राहत नाही. ती कड्यावरून धबधब्यावर, धबधब्यावरून झाडाच्या शेंड्यावर फिरते. हवे ते निवडते, नको ते वगळते. वाऱ्याचा स्पर्श, पाण्याचा घोष आणि चढणीचा थकवा हीही त्या पाहण्यात मिसळलेली असतात. कॅमेऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसते. समोरचे सर्व तो एकाच चौकटीत, सारख्याच आस्थेने किंवा अनास्थेने टिपतो. त्यातून विस्तृत दृश्य मावावे म्हणून रुंद कोनाचे भिंग वापरले की दूरचा डोंगर अधिकच लहान होतो. हवेतील बाष्पामुळे प्रकाश विखुरतो आणि मागच्या रांगा फिकट पडत जातात. उंचीचे माप सांगणारे माणूस, गुरू किंवा झाड जवळ नसेल, तर तीनशे मीटरांचा कडा तीस मीटरांचा वाटू लागतो.

याचा अर्थ विस्तृत दृश्ये टिपूच नयेत असा नाही. अमेरिकेतील अन्सेल ॲडम्स या छायाचित्रकाराने योसेमिटीच्या कड्यांची जी कृष्णधवल चित्रे घेतली, ती जगभर वाखाणली गेली. परंतु त्याच्याच काळात त्याच देशात दुसरा एक छायाचित्रकार निराळ्या वाटेने गेला. त्याचे नाव एलियट पोर्टर. १९०१ साली जन्मलेल्या पोर्टरने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते व हार्वर्डमध्ये तो जीवरसायनशास्त्राचे काम करीत असे. पुढे ते सोडून त्याने पूर्णवेळ छायाचित्रण पत्करले. शिखरांपेक्षा त्याचे लक्ष शेवाळाने मढलेल्या दगडाकडे, ओहोळात अडकलेल्या पानांकडे आणि पाण्यात पडलेल्या आकाशाच्या रंगाकडे अधिक असे. चित्रात क्षितिज पुष्कळदा नसेच. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने त्याच्या रंगीत चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्यास ‘जिव्हाळ्याची भूदृश्ये’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले होते.

पोर्टरच्या या दृष्टीचे मोल एका दुःखद प्रसंगाने लोकांच्या ध्यानी आले. कोलोरॅडो नदीने वालुकाश्मात कोरलेल्या ग्लेन कॅनियन नावाच्या दरीत तो १९६० साली प्रथम गेला आणि नंतर पुनःपुन्हा जात राहिला. तेथील उपदऱ्या अतिशय अरुंद होत्या. भिंतींवरील पाण्याचे काळे ओघळ, कपारीतील नेचे, ओल्या वाळूवरील रेषा हे सर्व त्याने टिपले. दरीच्या खालच्या टोकाला त्या वेळी धरण बांधले जात होते. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले व पाणी चढू लागले. त्याच वर्षी पोर्टरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा आशय ‘कोणालाच ठाऊक नसलेले ठिकाण’ असा होता. दरी बुडाल्यावर तिची ओळख पटावी, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. अलीकडच्या दुष्काळात जलाशयाची पातळी बरीच खाली गेली आणि काही उपदऱ्या पुन्हा उघड्या पडल्या. परंतु त्यांत गाळाचे थर साचले होते. बुडण्यापूर्वी त्या कशा दिसत होत्या, हे सांगायला ती चित्रे आज उपयोगी पडतात.

एवढ्या दूरची ही हकीकत आपल्याला जवळची वाटावी असे ठिकाण आपल्या घाटमाथ्यावरच आहे. आंबोली, चोर्ले या भागांत जांभ्या दगडाची सपाट माळराने आहेत. त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा पाहिला तर तो तापलेला, उजाड खडक दिसतो. वाटसरूला त्यात टिपण्याजोगे काही आढळत नाही. पावसाळ्यात तेथे गुडघे टेकून पाहावे. खडकाच्या खळग्यांत बोटभर माती साचलेली असते आणि तीत दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती उगवते. तिच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. दव समजून किंवा मधाच्या आशेने आलेला कीटक त्यात अडकतो आणि वनस्पती त्याला पचविते. शेजारीच जांभळ्या फुलांचा गालिचा पसरलेला असतो. ती सीतेची आसवे. फुले नाजूक, पण ओल्या मातीत दडलेल्या हिच्या सूक्ष्म पिशव्या क्षणार्धात पाण्यासह बारीक जीव आत ओढून घेतात.

या वनस्पतींना कीटक का खावे लागतात? येथे डोंगराची सारी कथा उलगडते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात व थंड होऊन बरसतात. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. युगानुयुगे पडणाऱ्या अशा पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांतूनच तांबडा जांभा बनला. असल्या धुऊन निघालेल्या मातीत नत्र अत्यल्प असते. ही उणीव वनस्पतीने कीटकांच्या शरीरांतून भरून काढली. म्हणजे, दवबिंदूच्या एका पानाचे चित्र नीट घेतले तर त्यात समुद्र, ढग, कडा आणि खडक या सर्वांचा परिणाम दिसू शकतो. कठड्यावरून घेतलेल्या चित्राला जे सांगता आले नाही, ते हे वीतभर चित्र सांगते.

आता अशी चित्रे घ्यावीत कशी? पहिली गोष्ट प्रकाशाची. ढगाळ दिवस विस्तृत दृश्याला मारक असला तरी बारीक वस्तूला तारक ठरतो. ढगांतून गाळून आलेल्या मऊ उजेडात सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत आणि रंग आपल्या मूळ छटेत राहतात. ओल्या पानांवरची चमक त्रास देत असेल, तर भिंगावर ध्रुवीकरण करणारी काच बसवून ती फिरवावी. चमक कमी होऊन खालचा हिरवा रंग दिसू लागतो.

दुसरी गोष्ट स्पष्टतेची. भिंग वस्तूच्या जितके जवळ न्यावे, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यात एखादे फूल मूळ आकाराएवढे टिपले, तर भिंगाचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. छिद्र आणखी लहान केल्यास पट्टा वाढतो. पण प्रकाश कमी मिळतो आणि फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे एकंदर चित्र मऊ पडते. म्हणून कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या किंवा पानाच्या पातळीशी समांतर धरणे हा साधा उपाय अधिक गुणकारी होय. हल्ली स्पष्टतेची जागा थोडी थोडी बदलून अनेक चित्रे घेतात व संगणकावर ती एकत्र जुळवितात. तेथेही वस्तू मुळीच हलता कामा नये.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. सड्यावर वारा सहसा थांबत नाही. कॅमेरा बुटक्या तिपाईवर बसवावा, आपल्या शरीराचा आडोसा करावा आणि दोन झुळुकांमधल्या क्षणाची वाट पाहावी. शेवटी, एकाच चित्रावर समाधान मानू नये. एक चित्र पानाचे, दुसरे त्या पानाखालच्या खडकासह, तिसरे संपूर्ण सड्याचे, अशी तीन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे पाहणाराला लहानमोठ्याचे नाते कळते.

परंतु या छंदाची एक बाजू काळजी करण्यासारखी आहे. बोटभर मातीवर जगणारे रोप टिपण्यासाठी मनुष्य तिथेच गुडघा टेकतो, पाठीवरची पिशवी तिथेच ठेवतो आणि एका फुलाच्या चित्रापायी दहा फुले चिरडतो. आंबोलीच्या सड्यावरील उथळ डबक्यांत पावसाच्या आरंभी एक लहान भेक प्रजनन करतो. अंगावरील पट्ट्यांमुळे शास्त्रज्ञांनी त्याला वाघावरून नाव दिले. स्वतंत्र जाती म्हणून त्याचे वर्णन २००९ साली झाले आणि आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. आंबोली व आसपासच्या थोड्याशा भागाबाहेर तो आढळत नाही. ज्या डबक्यात त्याची पिले वाढतात ते डबके बुटाच्या ठशाहून फारसे मोठे नसते. एक बेफिकीर पाऊल तेथे काय करील, हे सांगावयास नको.

म्हणून अशा ठिकाणी उघड्या खडकावरूनच चालावे. आधी पाय कोठे पडेल हे पाहावे, मग कॅमेऱ्यातून पाहावे. चित्राच्या सोयीसाठी गवत उपटू नये, दगड उलटा करू नये, भेकाला उचलून दुसरीकडे बसवू नये. रात्रीच्या जिवांवर प्रखर झोतांचा मारा करू नये. दुर्मीळ वनस्पती कोठे आहे याचा नेमका ठावठिकाणा चित्राबरोबर चारचौघांत जाहीर करू नये. तो कळला की दुसऱ्या दिवशी तेथे गर्दी होते.

ग्लेन कॅनियन बुडाली तेव्हा तिची ओळख असणारे थोडेच होते. घाटमाथ्यावरचा सडा तर रोजच्या रस्त्यालगत असूनही त्यात पाहण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. आणि ‘नुसता पडीक खडक’ म्हटलेली जमीन खणण्यास किंवा बांधकामास देताना कोणाला वाईट वाटत नाही. त्या खडकावर काय काय जगते, हे चित्रांवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेतील मुलांना दाखविता येते. पुढल्या पावसाळ्यात आंबोलीला थांबणाऱ्याने कठड्यावरचे चित्र अवश्य घ्यावे. त्यानंतर मात्र सड्याच्या कडेच्या एखाद्या कोरड्या खडकावर पंधरा मिनिटे शांत बसावे आणि पायाशी काय आहे ते पाहावे. कॅमेरा त्यानंतर काढला तरी उशीर होणार नाही.