एका अंशाने काय होते?

समुद्राचे पाणी एका अंशाने तापले, असे वर्तमानपत्रात वाचले की आपण स्वस्थपणे पान उलटतो. पुण्या-साताऱ्याकडे हिवाळ्यात सकाळच्या आणि दुपारच्या तपमानात पंधरा अंशांचा फरक पडतो. त्याने कोणाचे काही अडत नाही. मी मालवणचा. सारे आयुष्य होडीवर काढलेले माझे आजोबासुद्धा मला विचारतात, "एका डिग्रीन काय होता रे?" भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

हवेचा अंश आणि पाण्याचा अंश सारख्या तोलाचे नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सगळ्या वातावरणाला एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी समुद्राचा वरचा जेमतेम अडीच-तीन मीटरांचा थरच गिळून टाकतो. गेल्या अर्धशतकात पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. तेव्हा समुद्र एका अंशाने तापणे ही लहान बाब नव्हे. शिवाय आपण ऊन लागले तर सावलीत जातो; समुद्राच्या तळाला चिकटलेल्या जीवाने कोठे जावे?

असा चिकटलेला जीव म्हणजे प्रवाळ. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्यही जाहीर झाले. पण ज्या भूमीचे सारे अस्तित्वच प्रवाळावर उभे आहे ती पाहायची, तर याच अरबी समुद्रात दक्षिणेकडे, केरळच्या पश्चिमेस असलेल्या लक्षद्वीपकडे वळले पाहिजे. तेथे डोंगर नाही, नदी नाही. छत्तीस बेटे मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, आणि लोकवस्ती फक्त दहा बेटांवर. ही कंकणद्वीपे कशी बनतात याचा उलगडा चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये केला: मूळचे ज्वालामुखी बेट सावकाश खचत जाते, आणि त्याच्या कडेने प्रवाळ मात्र वर वर बांधीत राहतात. शेवटी मधले बेट बुडते. उरते ते प्रवाळभिंतीचे कडे आणि आतले शांत, उथळ पाणी.

ही भिंत बांधणारा गवंडी म्हणजे पॉलिप नावाचा इवलासा प्राणी. तो पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. मात्र पोट भरण्यासाठी तो दुसऱ्यावर अवलंबून असतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळे राहतात. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचे तपकिरी, हिरवट रंगही बहुतांशी या भाडेकरूंमुळेच असतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तपमानाहून केवळ एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की या शेवाळांचे काम बिघडते. त्यांच्यातून प्राणवायूची विषारी रूपे निघू लागतात आणि पॉलिप त्यांना बाहेर घालवतो. मग त्याच्या पारदर्शक कातडीतून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पॉलिप या वेळी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शेवाळे परत येतात. नाही निवले तर तो उपासाने वा रोगाने मरतो.

म्हणजे प्रश्न अंशाइतकाच आठवड्यांचाही आहे. अमेरिकेतील सागर व हवामान संस्था हे दोन्ही मिळून मोजते. नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा एक अंश जास्त असे चार आठवडे भरले की विरंजन अपेक्षित, आणि आठ भरले की मृत्यू.

लक्षद्वीपमध्ये मोठे विरंजन १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा. १९९८ मध्ये तळाच्या सुमारे ३७ टक्के भागावर जिवंत प्रवाळ होता. २०२२ पर्यंत तो सुमारे १९ टक्क्यांवर आला.

आता कोणी म्हणेल, पाण्याखालचे काही जीव पांढरे पडले, तर माणसाचे काय बिघडले? येथेच खरी गोम आहे. निरोगी प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ती बेटापर्यंत पोचण्याआधीच मोडते. कोणत्याही सरकारला एवढा बंधारा बांधता येणार नाही, आणि बांधला तरी तो स्वतःची दुरुस्ती स्वतः करणार नाही. मेलेल्या भिंतीला लाटा, शिंपले, समुद्री साळी कोरत राहतात. नवा थर चढत नाही. भिंत खचली की लाट आत येते. बेटावरचे गोडे पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. लाट विहिरीत शिरली की तेही गेले. मिनिकॉयचे मच्छीमार गळाने कुप्पा म्हणजे ट्यूना पकडतात. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासळी, भिंतीच्या आतल्या पाण्यातूनच मिळते.

कवरत्तीला २००५ पासून एक नवलाचे यंत्र आहे. वरचे कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडून त्याची वाफ करायची आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववायची. दिवसाला लाखभर लिटर गोडे पाणी मिळते. वरचे पाणी तापल्याने या यंत्राचे काही बिघडत नाही. पण तेही त्याच भिंतीच्या आडोशाला उभे आहे!

माणसाच्या बांधकामांवर उष्ण पाण्याचा थेट परिणाम मला तितका मोठा वाटत नाही. जेटीच्या काँक्रीटमधले लोखंड किंचित लवकर गंजेल. पण तेथे खरा शत्रू मीठच आहे. आडवाटेने होणारे परिणाम मात्र भारी. पाणी तापले की फुगते. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली, तिच्यापैकी सुमारे निम्मी वाढ या फुगण्यानेच झाली. साडेसव्वीस अंशांहून उष्ण पाणी हे चक्रीवादळांचे खाद्य. मे २०२१ चे तौक्ते वादळ लक्षद्वीपजवळून उठून आमच्या किनाऱ्याला झोडपीत गुजरातेत गेले, हे कोकणात सांगायला नको.

१९९८ नंतर लक्षद्वीपच्या बऱ्याच भिंती दहाएक वर्षांत सावरल्या होत्या. पण दोन विरंजनांमध्ये आधी बारा वर्षे मिळाली, मग सहा, मग आठ. दगडासारखा गोल वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्याला एवढी घाई जमत नाही.

मालवणच्या प्रवाळांचेही विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदले आहे. आमच्याकडे समुद्र सर्वाधिक तापतो एप्रिल-मेमध्ये, आणि सुटीत पाण्याखालचे जग पाहायला येणाऱ्यांची गर्दीही तेव्हाच. पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला दगड, असे समजून काही जण त्यावर पाय टेकतात. तो बहुधा जिवंत असतो, आणि जूनमध्ये पाऊस लागून पाणी निवेपर्यंत तगला, तर त्याला पुन्हा रंग चढू शकतो.