व्हायब्रेशनवाला रिमोट

दुकानातल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात गेल्या वीस वर्षांत खोललेल्या गेमपॅडच्या मोटरी साठल्या आहेत. पॅड भंगारात गेले, मोटरी राहिल्या. बोटाच्या पेराएवढी मोटर आणि तिच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखं लोखंडी वजन, मुद्दाम एका अंगाला बसवलेलं. मोटर फिरते तेव्हा ते वजन तिला क्षणोक्षणी वेगळ्या बाजूला ओढतं आणि अख्खा पॅड थरथरतो. वॉशिंग मशीनमध्ये ओले कपडे एकीकडे गोळा झाले की मशीन जागेवर धडधडायला लागतं, तेच इथे तळहाताएवढ्या जागेत ठरवून घडवलेलं असतं.

सांगलीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं 2004 साली. मे महिन्याची सुट्टी लागली की पोरं यायची आणि विचारायची, "दादा, व्हायब्रेशनवाला रिमोट आहे का?" गेमपॅड हा शब्द तेव्हा खोक्यावर छापलेला असायचा, तोंडात नव्हता. कुणी जॉयस्टिक म्हणायचं, बहुतेक जण रिमोटच. आज मला काका म्हणतात, पण प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर मात्र या काळात तीन-चार वेळा मुळापासून बदललं, आणि दर वेळी मला ते नव्याने शिकावं लागलं.

थरथरण्याची कल्पना आमच्या दुकानापेक्षा खूप जुनी. 1976 साली सेगाने 'मोटो-क्रॉस' नावाचं मोटरसायकलचं आर्केड मशीन काढलं. समोरच्या गाडीला धडक बसली की खेळणाऱ्याच्या हातातलं हँडल थरथरायचं. घराघरात ही गोष्ट पोचायला त्यानंतर वीस वर्षं लागली. 1997 च्या एप्रिलमध्ये निन्टेन्डोने जपानात 'रम्बल पॅक' आणला. निन्टेन्डो 64 च्या पॅडला मागून खोचायचा ठोकळा, आत दोन पेन्सिल सेल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सोनीचा 'ड्युअलशॉक' आला, आणि त्यात दोन्ही मुठींमध्ये एकेक मोटर होती: डाव्या मुठीत मोठी, उजव्या मुठीत लहान. ही मांडणी इतकी पक्की ठरली की माझ्या खणातल्या जवळजवळ सगळ्या मोटरी मोठी-लहान अशा जोडीनेच आल्या आहेत.

कॉम्प्युटरवाले मात्र मागे होते, आणि त्याला कारण होतं. साउंड कार्डाच्या मागे पंधरा पिनांचा जो गेम पोर्ट असायचा, त्याचं काम जॉयस्टिकची हालचाल आणि बटणं आत वाचायची. हाताकडे उलटा निरोप धाडायची सोय त्यात नव्हती. मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये 'साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो' ही जॉयस्टिक काढली, तेव्हा त्यांनी वाट शोधली ती त्याच पोर्टातल्या संगीताच्या तारांमधून. मिडी वाद्यांसाठी ठेवलेल्या पिनांवरून जॉयस्टिकला हुकूम जायचे. मला ही युक्ती फार आवडते. पण यूएसबी सगळीकडे पोचेपर्यंत थरथरणारा पॅड ही मोजक्या लोकांची चैन राहिली. आमच्याकडच्या सायबर कॅफेत रोड रॅश चालायचा तो कीबोर्डच्या बाणांवर. गाडी आपटली की पडद्यावर आपटायची, बोटांना काही कळायचं नाही.

माझ्याकडे माल आला तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. साडेतीनशे-चारशे रुपयांचा यूएसबी पॅड, आणि खोक्यात आठ सेंटिमीटरची छोटी सीडी. त्या सीडीबद्दल सांगायलाच हवं, कारण तेव्हा व्हायब्रेशन तिच्यातच होतं. पॅड नुसता लावला तर विंडोज एक्सपी त्याला ओळखायचं, बटणं चालायची, मोटर मात्र गप्प. सीडीतला ड्रायव्हर घातला की कंट्रोल पॅनेलमध्ये पॅडच्या खिडकीत आणखी एक पान उघडायचं. त्यावर डाव्या-उजव्या मोटरची चाचणी घ्यायची सोय असायची. ते पान दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. सीडी हरवली म्हणजे व्हायब्रेशन हरवलं. म्हणून मी प्रत्येक पॅडच्या सीडीची प्रत करून तिच्यावर मार्करने पॅडचा रंग आणि तारीख लिहून ठेवायचो. पोरं सहा महिन्यांनी परत यायची, घरचं विंडोज उडालेलं असायचं, आणि ती प्रत कामाला यायची.

त्या काळात माझी एक फसगत झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. एका मोठ्या खेपेतल्या खोक्यांवर ठळक अक्षरात व्हायब्रेशन लिहिलेलं होतं. चार पॅड विकले आणि चारही परत आले. एक खोलला. उजव्या मुठीत लहान मोटर होती. डाव्या मुठीत मोटरच्या जागी लोखंडाचा तुकडा गोंदाने चिकटवलेला होता, पॅड हातात जड लागावा म्हणून. सुट्टीभर पैसे साठवून आलेल्या पोराच्या हातात मी तो दिला होता. पैसे परत केले, माल परत पाठवला. तेव्हापासून नव्या खेपेतला एक पॅड मी खोलून बघतोच. दोन मोटरी आहेत का, डाव्या मोटरचं वजन मोठं आहे का, तारा जाड आहेत का. चार स्क्रूंचं काम आहे.

त्याच सुमारास बाहेरच्या जगात व्हायब्रेशनवरून कोर्टबाजी चालू होती. इमर्शन या अमेरिकी कंपनीने 2002 साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर पेटंटचा दावा लावला. मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी 2 कोटी 60 लाख डॉलर देऊन तडजोड केली. सोनी लढली आणि 2004 मध्ये ज्यूरीने तिच्यावर 8 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई लावली. 2006 च्या अखेरीस प्लेस्टेशन 3 आलं तेव्हा त्याच्या पॅडमध्ये मोटरीच नव्हत्या. कारण असं सांगितलं गेलं की पॅड तिरका केल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरला थरथर अडथळा आणेल. मार्च 2007 मध्ये इमर्शनशी तडजोड झाली आणि नोव्हेंबरमध्ये ड्युअलशॉक 3 आला, त्यात सेन्सरही होता आणि व्हायब्रेशनही. तो पॅड हातात घेतल्यावर आधीच्या कारणात किती दम होता ते मला कळलं.

कॉम्प्युटरसाठी खरा बदल त्याआधीच झाला होता, आणि तो मोटरीत झाला नव्हता. एक्सबॉक्स 360 बरोबर मायक्रोसॉफ्टने गेम आणि पॅड यांच्या बोलण्याची नवी पद्धत आणली, एक्सइनपुट. जुन्या डायरेक्टइनपुटमध्ये पॅड कसाही असू शकायचा: बटणं किती, कुठलं कुठे, मोटर आहे की नाही, सगळं ज्याचं त्याचं. एक्सइनपुटने ठरवून टाकलं की पॅड म्हणजे अमुक बटणं, दोन काड्या, दोन ट्रिगर आणि दोन मोटरी. गेमने फक्त दोन आकडे पाठवायचे, प्रत्येक 0 ते 65535 च्या मधला. पहिला आकडा डाव्या, जड मोटरचा, दुसरा उजव्या, हलक्या मोटरचा. रस्ता सोडून गाडी मातीवर गेली तर डावी घरघरते, गोळी सुटली तर उजवी झणझणते. छोट्या सीडीचा धंदा तिथेच संपला.

पण जुने पॅड आणि नवे गेम यांची फारकत झाली, आणि दुकानातला माझा निम्मा वेळ ती समजावण्यात जाऊ लागला. एखादा पोरगा घरचा पॅड घेऊन यायचा: नवा गेम पॅड ओळखतच नाही. त्याच्यासाठी एक्स360सीई नावाचा छोटा प्रोग्रॅम होता, तो जुन्या पॅडला एक्सइनपुटचा वेष चढवायचा. दुसरा उलट तक्रार घेऊन यायचा: नवा महागाचा पॅड घेतला आणि जुन्या गेममध्ये थरथरत नाही. तेही बरोबर होतं. नवा पॅड जुन्या पद्धतीने चालवला की मोटरींना हुकूम जात नाही, शिवाय दोन्ही ट्रिगर एकाच आसावर येतात, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकमेकांना खोडतात. तेव्हापासून गिऱ्हाईकाने रिमोट मागितला की माझा पहिला प्रश्न बदलला. बजेट नंतर, आधी विचारायचं, "गेम कुठला खेळतोस?"

हा प्रश्न मी आजही पहिला विचारतो. स्वस्त पॅडमध्ये आता दोन्ही पद्धती असतात, आणि बऱ्याच पॅडमध्ये मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की पॅड एका पद्धतीतून दुसरीत जातो. व्हायब्रेशन बंद पडलं म्हणून दुकानात येणाऱ्या दहांपैकी निदान तिघांचं काही बिघडलेलंच नसतं. खेळताना बटण दाबलं गेलेलं असतं आणि वरचा दिवा बदललेला असतो. नावातही घोळ होतो. लॉजिटेकने 2010 मध्ये एफ310, एफ510 आणि एफ710 असे दिसायला एकाच घरातले तीन पॅड काढले, त्यातल्या एफ310 मध्ये मोटरी नाहीतच. आकडा नीट वाचून घ्यावा.

वायर की बिनवायर, हाही प्रश्न व्हायब्रेशनशी बांधलेला आहे. मोटरींना वीज लागते. निन्टेन्डोने 2002 मध्ये 'वेव्हबर्ड' हा बिनवायरचा पॅड काढला तेव्हा बॅटरी टिकावी म्हणून त्यातून व्हायब्रेशनच काढून टाकलं होतं. आता बॅटऱ्या सुधारल्या, तरी मी टेबलावर बसून खेळणाऱ्याला वायरचाच पॅड देतो. डोंगल हरवत नाही, चार्जिंग संपत नाही, आणि मोटर पहिल्या दिवशी जशी फिरते तशीच फिरते.

2013 मध्ये एक्सबॉक्स वनच्या पॅडमध्ये ट्रिगरच्या आत आणखी दोन छोट्या मोटरी आल्या. ब्रेक दाबताना चाक घसरलं तर नेमकं त्याच बोटाखाली कळतं. मला हे फार आवडलं होतं, पण कॉम्प्युटरवरच्या थोड्याच गेमनी त्याचा उपयोग केला. 2017 मध्ये निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये अर्धचंद्र गेला आणि त्याजागी मागे-पुढे थरथरणारं वजन आलं. आपली जुनी मोटर वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लावते, आणि तिचा जोर वाढवला की तिचा सूरही चढतो. या नव्या वजनाला तो अडथळा नाही. स्विचवरच्या '1-2-स्विच' मध्ये डबी हलवून आत किती गोळ्या आहेत ते नुसत्या हाताने ओळखायचा खेळ आहे.

आणि मग 2020 चा ड्युअलसेन्स. भारतात तो 2021 च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन 5 बरोबर आला आणि लवकरच पहिला पॅड माझ्या टेबलावर पोचला. तो यूएसबीने कॉम्प्युटरला लावला तेव्हा पडद्यावर जे आलं ते मी दोनदा वाचलं. विंडोजला तो साउंड कार्डसुद्धा वाटत होता, चार चॅनलचं. पहिले दोन चॅनल पॅडच्या आवाजाचे, उरलेले दोन डाव्या-उजव्या मुठीतल्या कंपाचे. म्हणजे मोटरीला आकडा पाठवायचे दिवस सरले, आता तिथे ध्वनीची लहर जाते. 1997 मध्ये जो हुकूम मिडीच्या पिनांमधून चोरवाटेने गेला, तो तेवीस वर्षांनी राजरोस आवाज होऊन हातात उतरला. मी तळहातावर पॅड ठेवून एक गाणं त्या दोन चॅनलवर सोडलं होतं. तबल्याची थाप तळहाताच्या मध्यावर आली.

यात एक अट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी तो पॅड विकत नाही. कॉम्प्युटरवर हे बारीक व्हायब्रेशन ब्लूटूथवर सहसा मिळत नाही, वायर लावावी लागते. आणि गेममध्ये त्याची सोय हवी. 2022 च्या ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या स्पायडर-मॅनमध्ये ती होती. इतर कित्येक गेममध्ये हा महागाचा पॅड जुन्या दोन आकड्यांवरच चालतो.

नेमबाजीचे गेम चुरशीने खेळणारी पोरं व्हायब्रेशन बंदच करतात, निशाणा हलतो म्हणून. त्यांचं चूक नाही, त्यांना मी साधा पॅड सुचवतो. पण आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, त्याला ऐकू कमी येतं. मागून गोळी लागली, गाडीचं इंजिन तापलं, दार उघडलं, हे सगळं त्याला मुठींमधून कळतं. त्याच्यासाठी पॅड निवडताना मी दोन तास घालवले होते. डावी मोटर खरोखर खोल घरघरली पाहिजे आणि उजवी तिच्यापासून वेगळी कळली पाहिजे, एवढंच बघत होतो. सहा पॅड काउंटरच्या काचेवर ठेवून एकेक चालवला. चारांत दोन्ही मोटरींचा हादरा सारखाच लागत होता. उरलेल्या दोनांतून त्याने डोळे मिटून एक उचलला.

गेल्या महिन्यात तोच पॅड दुरुस्तीला आला. डावी मोटर बंद. खोलून बघितलं तर तार शाबूत होती, मोटरच जळली होती. खालचा खण ओढला, मोठ्या वजनाची एक मोटर शोधली, जाडी जुळली. ती 2004-05 मधल्या कुठल्या तरी साडेतीनशेच्या पॅडमधली असणार, तिच्या अंगावर माझ्या मार्करची खूण होती. लाल तार, काळी तार, दोन डाग. स्क्रू लावायच्या आधीच त्याने पॅड ओढून घेतला, गाडी मुद्दाम रस्त्याखाली घातली आणि डाव्या मुठीवर बोटं आवळून माझ्याकडे बघत मान हलवली.